बोझमनची हिवाळी सुट्टी: गावातच थांबावं की घरी जावं?

अमेरिकेतल्या बोझमन गावी, मोंटाना स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना दिवाळी झाली की एक प्रश्न पडतोच. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, मग इथेच राहायचं की तिकीट काढून घर गाठायचं? माझं मत आधीच सांगते: पहिल्या वर्षी थांबा, दुसऱ्या वर्षी जा. त्याला दोन अपवाद आहेत, ते शेवटी सांगते.

आधी पैशाचं बोलू. बोझमनहून भारतात थेट विमान नाही. डेन्व्हर, सिएटल किंवा शिकागोला एकदा विमान बदलायचं, मग युरोपात किंवा आखातात पुन्हा एकदा, तेव्हा कुठे मुंबई. दारातून निघून दारात पोहोचेपर्यंत दीड दिवस सहज जातो. शिवाय डिसेंबरचा दुसरा पंधरवडा हा जवळच्या बिग स्काय या स्की रिसॉर्टला येणाऱ्या पर्यटकांचा हंगाम, त्यामुळे बोझमन ते डेन्व्हर हा एवढासा टप्पाही महाग पडतो. जायचंच असेल तर उन्हाळ्यातच तिकीट काढा, आणि सगळे टप्पे एकाच बुकिंगवर ठेवा. बर्फवादळात पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं असतील तर ते सगळं तुमच्या गळ्यात पडतं.

थांबलात तर खोलीचं भाडं तसंही भरतच असता. वसतिगृहात राहत असाल तर मात्र करार नीट वाचा, सुट्टीत राहण्याचे नियम त्यात वेगळे दिलेले असतात. कमाईचंही गणित आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळ करता येतं. प्रयोगशाळेत किंवा विभागात काम मिळत असेल तर नोव्हेंबरमध्येच विचारून ठेवा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वर्गातली अमेरिकन मुलं सुट्टीत स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर, भाड्याच्या स्कीच्या (बर्फावर घसरायच्या पट्ट्यांच्या) दुकानात, रिसॉर्टच्या उपाहारगृहात कामाला लागतात. बदल्यात पगार आणि वर हंगामभर स्की करायचा पास. मोह होतोच. पण एफ-1 वर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करणं म्हणजे व्हिसाचं स्टेटस, पर्यायाने इथे कायदेशीर राहण्याचा हक्क घालवणं. "पगार नको, नुसता पास द्या" हीसुद्धा पळवाट नाही, कारण कामाच्या बदल्यात मिळालेली वस्तू हा मोबदलाच धरतात. कोणी कितीही सहज म्हणालं तरी या वाटेला जाऊ नका.

आता थांबण्याचं खरं कारण, म्हणजे डोंगर. बोझमन साधारण 1,460 मीटरवर आहे, महाबळेश्वरहून थोडं उंच. ब्रिजर बोल गावापासून जेमतेम 25 किलोमीटरवर. 1955 पासून चालू असलेलं हे स्की क्षेत्र ना-नफा तत्त्वावर चालतं, म्हणून तिथलं तिकीट विद्यार्थ्याला झेपतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवसांत गावातून तिथे फुकट बस जाते. बिग स्काय दक्षिणेला तासाभरावर, 3,403 मीटरच्या लोन पीकवर पसरलेलं. भव्य आहे, पण गर्दीच्या दिवसांत एका दिवसाचं तिकीट 200 डॉलरच्या वर जातं. शिकणाऱ्याने तिथे पैसे घालवू नयेत. ज्या हिरव्या, म्हणजे नवशिक्यांच्या सोप्या उतारावर तुम्ही दिवसभर पडणार आहात, तो ब्रिजरलाही आहे.

पहिला दिवस कसा जातो तेही ऐका. स्कीचे बूट प्लास्टिकचे, टणक. बक्कल आवळलं की नडगी पुढच्या बाजूला दाबली जाते आणि चालताना टाचेवर ठकठक पावलं पडतात. प्रशिक्षक स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवायला सांगतात, त्याला सगळे "पिझ्झा" म्हणतात. तासाभरात मांड्या भरून येतात. दुपारी कधीतरी वजन बाहेरच्या पायावर जातं, स्की आपसूक वळते, आणि मग डोंगर सोडून परतायला मन होत नाही. पहिल्या दिवशी शिकवणीसकट भाड्याचं पॅकेज घ्या. मित्राकडून शिकायला गेलात तर मित्र दहा मिनिटांत वरच्या लिफ्टला पळतो. आणि जायच्या आधी विद्यार्थी विम्यात स्कीच्या दुखापतीचा किती खर्च मिळतो ते बघून ठेवा.

गर्दीचा एक बारकावा थांबणाऱ्यांनाच कळतो. नाताळ ते नवं वर्ष पाहुण्यांची झुंबड असते. ती ओसरली की कॉलेज सुरू होईपर्यंतचे आठवडाभर-दहा दिवस डोंगर मोकळा असतो, आणि तोवर खाली बर्फाचा थरही चांगला साचलेला असतो. मेन स्ट्रीटवरच्या बॅक्स्टर हॉटेलच्या माथ्यावर निळा दिवा लुकलुकला की ब्रिजरला ताजा बर्फ पडला असं समजायचं. तो कोरडा, भुसभुशीत बर्फ इथले लोक "कोल्ड स्मोक" म्हणून मिरवतात. घरी गेलात तर नेमके हेच दिवस हातचे जातात. तरी ब्रिजरच्या वरच्या रिजकडे, म्हणजे डोंगरधारेकडे, इतक्यात बघू नका, तिथे हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र) अंगावर असल्याशिवाय सोडतच नाहीत.

स्की परवडत नसेल तरी गाव रिकामं वाटत नाही. लिंडली पार्कमध्ये क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे सपाटीवर स्कीने चालायच्या वाटा आखून ठेवलेल्या असतात, पीट्स हिलवर पोरंटोरं घसरगाडी घेऊन येतात. चार जण मिळून गाडी केलीत तर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं गार्डिनरचं प्रवेशद्वार गाठता येतं. उद्यानातले बहुतेक रस्ते हिवाळ्यात गाड्यांना बंद असतात, पण गार्डिनर ते कुक सिटी हा रस्ता वर्षभर चालू ठेवतात. त्याच रस्त्यावरच्या लमार खोऱ्यात बर्फ उकरून गवत खाणारे बायसन (गव्यासारखे अमेरिकी रानबैल) पाहणं हा इथल्या हिवाळ्याचा सर्वांत मोठा ठेवा आहे, असं मी मनापासून म्हणते.

थांबण्याची दुसरी बाजूही मोठी आहे. पावणेपाचच्या आत सूर्य बुडतो. थंडीची लाट आली की पारा उणे 30 सेल्सियसच्याही खाली जाऊ शकतो, आणि श्वास घेताच नाकातले केस कडक होतात. सुती कपडे अशा थंडीत काही कामाचे नाहीत, आतून लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल हवेत. मेस बंद किंवा अर्धवट चालू, ग्रंथालयाचे तास कमी, सोबतचे सगळे आपापल्या घरी. भारत साडेबारा तास पुढे असल्याने आई दुपारचं जेवायला वाढत असते तेव्हा तुमची पहाटही झालेली नसते. हा एकटेपणा चेष्टेवारी नेऊ नका. थांबणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा तरी एकत्र स्वयंपाक करावा, पिठलं-भात का असेना.

घरच्या सुट्टीचं सुख वेगळं सांगायला नको. तारखा जुळल्या तर पुण्यात सवाई गंधर्व, गावाकडे हुरडा, ओळीने लग्नं, आजीच्या हातची बाजरीची भाकरी. पण चार आठवड्यांतले काही दिवस झोपेचं चक्र सुधारण्यात आणि बरेचसे पाहुण्यांकडे जातात. नेमकी संक्रांत आली की निघायची वेळ होते.

शिवाय व्हिसा. पासपोर्टवरचा शिक्का चालू असेल तर आय-20 या विद्यापीठाने दिलेल्या फॉर्मवर प्रवासासाठीची वर्षभराच्या आतली सही पुरते. शिक्का संपला असेल तर सप्टेंबर 2025 पासून बहुतेक सगळ्यांना प्रत्यक्ष मुलाखत द्यावीच लागते. मुंबईतली तारीख हातात नसताना डिसेंबरमध्ये निघू नका, नाहीतर जानेवारीत वर्ग सुरू होतील आणि तुम्ही तिकडेच अडकाल.

दोन अपवाद राहिले. घरात कोणी आजारी किंवा फार थकलेलं असेल तर हिशेब बाजूला ठेवा आणि जा, डोंगर पुढच्या वर्षीही असतो. आणि पहिलं सत्र मनाला जड गेलं असेल, खोलीतले सगळे साथीदार जाणार असतील, तर एकट्याने महिना काढायचा हट्ट धरू नका. भारताचं तिकीट जमत नसेल तर अमेरिकेतच एखाद्या मामाकडे किंवा मैत्रिणीकडे दोन आठवडे जा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत या. तेवढ्यातही ब्रिजरला मोकळ्या उतारावर दोन-तीन दिवस मिळतात.