गर्भपातावर दोन्ही बाजूंना बोलतं करायचं, तर बॉस्टनची रीत घ्यावी की आयर्लंडची?

गर्भपाताचा हक्क मानणारे आणि गर्भपाताला विरोध करणारे यांना एका खोलीत बसवण्याआधी संयोजकांनी एक गोष्ट पक्की करून टाकावी: बोलणी संपल्यावर हातात काय हवं आहे? कायद्याबाबत शिफारस हवी असेल तर आयर्लंडच्या नागरिक सभेकडे पाहावं. एकमेकांचं तोंडही न पाहणाऱ्यांमध्ये बोलणं सुरू व्हावं एवढंच हवं असेल, तर बॉस्टनकडे. दोन्ही रीती एकत्र कालवल्या की दोन्ही फसतात.

30 डिसेंबर 1994 रोजी बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइनमध्ये दोन गर्भपात केंद्रांवर गोळीबार झाला आणि तिथे काम करणाऱ्या दोघीजणी मारल्या गेल्या. राज्यपाल विल्यम वेल्ड आणि कॅथलिक चर्चचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी बोलावं असं आवाहन केलं. सप्टेंबर 1995 मध्ये सहा नेत्या एकत्र बसल्या, बाजूने तीन आणि विरोधात तीन. बैठकीआधी विरोधातल्या तिघींनी जवळच्या रेस्टॉरंटात बसून प्रार्थना केली होती. इतकं दडपण होतं. ठरल्या होत्या चार बैठका. प्रत्यक्षात पाच वर्षांहून जास्त काळ, दीडशे तासांच्या वर बोलणं झालं, तेही संपूर्ण गुप्त. जानेवारी 2001 मध्ये सहाजणींनी मिळून ‘बॉस्टन ग्लोब’मध्ये लेख लिहिला, तेव्हा ते बाहेर आलं.

नियम साधे होते, पण काटेकोर: संघटनेची प्रवक्ती म्हणून नव्हे तर स्वतःपुरतं बोलायचं, मध्ये तोडायचं नाही, भाषण ठोकायचं नाही, आणि सगळ्यांची संमती असल्याशिवाय बाहेर अवाक्षर काढायचं नाही. बैठका चालवायला लॉरा चेसिन आणि सुझन पॉडझिबा या दोन अनुभवी मध्यस्थ होत्या. तरी गाडी शब्दांवर अडलीच. गर्भाशयात जे वाढतं त्याला ‘न जन्मलेलं बाळ’ म्हणणं एका बाजूला मान्य नव्हतं, नुसतं ‘भ्रूण’ दुसऱ्या बाजूला. शेवटी नाइलाजाने ‘मानवी भ्रूण’ ठरलं. मनापासून ते कुणालाच पटलं नव्हतं, पण पुढे बोलता आलं. असे खटकणारे शब्द पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहून काढावेत. नंतर ते भांडणाच्या भरात निघतात आणि तास खातात.

मत एकीचंही बदललं नाही. उलट आपापली भूमिका जास्त स्पष्ट झाली. मग मिळालं काय? हिंसेचं समर्थन करणारा एक बाहेरचा कार्यकर्ता मॅसॅच्युसेट्समध्ये येणार असल्याचं कळलं, तेव्हा विरोधातल्या तिघींनीच त्याला पत्र लिहून इथे येऊ नका असं बजावलं. तो आला नाही. जिथे बंदुका चालल्या होत्या तिथे हे मोल फार मोठं आहे.

आयर्लंडचा प्रश्न वेगळा होता. 1983 च्या आठव्या घटनादुरुस्तीने गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी होती. 2012 मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात गर्भपात नाकारला गेल्यावर सविता हलप्पनवार यांचा मृत्यू झाला (त्यांचं माहेर बेळगावचं, म्हणून ती बातमी इकडेही घरोघरी पोचली) आणि विषय टाळणं राजकारण्यांना अशक्य झालं. 2016 मध्ये नागरिक सभा नेमली गेली: सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लाफॉय अध्यक्ष आणि 99 सामान्य नागरिक. वय, लिंग, प्रदेश आणि सामाजिक वर्ग यांचं प्रमाण देशासारखं राहील अशी निवड एका मतचाचणी कंपनीवर सोपवली होती. डब्लिनजवळ मॅलाहाइडच्या हॉटेलात पाच शनिवार-रविवार काम चाललं. तज्ज्ञांची भाषणं सगळ्यांना थेट पाहता येत होती. सात-आठ जणांच्या टेबलांवरची चर्चा मात्र बंद, दर टेबलाला एक सूत्रधार. दोन्ही बाजूंच्या 17 संघटनांनी येऊन आपलं म्हणणं मांडलं. एप्रिल 2017 मध्ये गुप्त मतदान झालं. तरतूद आहे तशी ठेवू नये असं 87 टक्क्यांनी सांगितलं. मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी ती काढून टाकली.

इथली दुखणी वेगळी. तज्ज्ञ कुणी निवडले यावरून गर्भपातविरोधी गटांनी सभेला पक्षपाती ठरवलं. अशा सभेत हा आक्षेप येणारच, म्हणून वक्त्यांची यादी आधी दोन्ही बाजूंना दाखवून त्यांच्या हरकती लेखी घ्याव्यात. पुढे वेगळ्या विषयाच्या वेळी बदली सदस्यांपैकी सात जण ओळखीपाळखीतून घेतल्याचं उघड झालं. बदली सदस्यही चिठ्ठ्या टाकूनच घ्यावेत, कारण संशय तिथूनच शिरतो. आणि मुळात या रीतीत विरोधक समोरासमोर बसतच नाहीत. ते तिसऱ्याला पटवून निघून जातात.

व्यासपीठावरच्या वादविवादाचा पर्यायही सुचवला जातो. या विषयासाठी तो आम्ही सुचवणार नाही. टाळ्या पडायला लागल्या की वक्ता समोरच्याशी बोलतच नाही.

महाराष्ट्रात कुणी हे करणार असेल तर गर्भपाताचा कायदा केंद्राचा आहे, 1971 चा, 2021 मध्ये सुधारलेला. जिल्हास्तरावरच्या नागरिक सभेच्या शिफारशी घेणार कोण? घेणारं कुणी आधी लेखी कबूल करत नसेल तर लोकांचे पाच शनिवार-रविवार वाया घालवू नयेत. सुरक्षित गर्भपातासाठी झटणारे आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढणारे यांच्यात जिथे ताण आहे, तिथे बॉस्टनची रीतच कामाला येईल.

तिची एका संध्याकाळची आवृत्तीही आहे, लॉरा चेसिन यांच्या मध्यस्थ संस्थेने आधी वापरलेली. चार ते आठ जण, दोन्हीकडून सारखे. आधी हलकं जेवण, त्यात आपण कुठल्या बाजूचे हे सांगायचं नाही. मग प्रत्येकाने पाळीपाळीने तीन प्रश्नांना उत्तर द्यायचं: या विषयाशी तुमचं आयुष्य कसं जोडलं गेलं, तुमच्या मते यातला गाभा कोणता, आणि तुमच्याच भूमिकेत तुम्हाला कुठे शंका वाटते. पहिल्या दोन प्रश्नांतच वेळ संपतो आणि तिसरा उरकला जातो, ही नेहमीची चूक. त्याला किमान पाऊण तास राखून ठेवा. एरवी ठाम बोलणारा माणूस तिथे पहिल्यांदा अडखळतो आणि समोरचा कान देऊन ऐकू लागतो.