सांगलीच्या पाण्यात इम्बेलिस लावायचा की कुपानस?

झालरवाल्या फायटर माशाचा कंटाळा आलाय, आता रानटी जातीची जोडी लावून पिल्लं काढायचीत, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, पाणी नळाचं की बोअरचं?

आमच्याकडं बोअरचं. गिझरच्या कॉइलवर दरवर्षी पांढरा थर चढतो, तेच पाणी टाकीत. इम्बेलिस बेट्टा हा फायटरच्याच जवळचा रानटी मासा, दक्षिण थायलंड-मलेशियाकडचा. या पाण्यात तो जगला, पण आरओचं पाणी निम्मं मिसळेपर्यंत अंड्यांसाठी फेसाचं घरटं बांधायचं नाव घेईना. कुपानस हा छोटा मासा आपल्याच दक्षिणेतला. नाव पडलंय पुदुच्चेरीजवळच्या अरियनकुप्पम नदीवरून. भातखाचरं, चर, खाडीकडचं मचूळ पाणी, त्याला सगळं चालतं.

रूपात मात्र इम्बेलिसला तोड नाही. काळ्या-निळ्या अंगावर हिरवी चमक, शेपटीला लाल चंद्रकोर. कुपानस खाकी, पाहुणे बघतसुद्धा नाहीत. पण विणीला आलेली मादी काळीकुट्ट होते, तेव्हा टाकीसमोरून उठवत नाही. माझ्या नरानं करवंटीखाली जेमतेम रुपयाएवढं फेसाचं घरटं केलं होतं. अंडी खाली सुटायची, तो तोंडात झेलून एकेक वर चिकटवायचा. मादी आसपास राखण करत होती, म्हणून तिला काढलं नाही. इम्बेलिसची मादी मात्र अंडी घालून झाली की लगेच उचला, नर तिला फाडतो. ‘इम्बेलिस’ म्हणजे न लढणारा, हे नाव फायटरच्या तुलनेत!

पिल्लांचं दोन्हीकडं सारखंच: अंडी दोनेक दिवसांत फुटतात, पुढं दोन-तीन दिवसांनी पिल्लं पोहू लागली की खायला आधी इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव), मग आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे बारीक जीव). हवेतून श्वास घ्यायला ती तीन-चार आठवड्यांनी शिकतात. त्या काळात डिसेंबरच्या पहाटेची गार हवा आत गेली की संपलं. काचेचं झाकण घट्ट हवं. तसंही दोघे उड्या मारण्यात पटाईत.

पहिल्यांदाच करणाऱ्यानं दोन फुटी टाकी, स्पंज फिल्टर, देशी बदामाची वाळकी पानं आणि कुपानसची जोडी घ्यावी, असं माझं मत. दुसरं कारण भेसळीचं. इम्बेलिस म्हणून मी आणलेल्या जोडीच्या पिल्लांत चार पांढुरकी निघाली. कुठंतरी दुकानी फायटरचं रक्त होतं. तरी मन इम्बेलिसवरच असेल, तर पैसे देण्याआधी नराच्या कल्ल्याच्या झाकणाचा जवळून फोटो मागवा. तिथं हिरवे-निळे पट्टे हवेत. लाल दिसले तर नको म्हणा.