टेक्सासातला गोठलेला आठवडा: घरून काम, ऑफिसात मुक्काम, की काम दुसऱ्या गावी?

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन या पट्ट्यात वीस-पंचवीस माणसांची कंपनी चालवणारे किंवा मोठ्या कंपनीतली एखादी टीम सांभाळणारे मराठी लोक आता बरेच आहेत. कडाक्याच्या थंडीत ऑफिस बंद पडलं तर काम कसं चालवायचं, हे त्यांना विचारलं की बहुतेक जण लगेच सांगतात, 'घरून करू की!' कोविडनंतर हे उत्तर इतकं अंगवळणी पडलंय की त्यापुढे कोणी जात नाही. माझं म्हणणं असं, की टेक्सासात हिवाळी संकटात सगळ्यात आधी घरंच कोलमडतात. म्हणून या हिवाळ्याचं नियोजन करण्याआधी तिन्ही पर्याय शेजारी-शेजारी ठेवून पाहायला हवेत.

मोजमापासाठी फेब्रुवारी 2021 चा आठवडा घेऊ. 15 फेब्रुवारीला सोमवार होता, प्रेसिडेंट्स डेची सुट्टी. पहाटे दीडच्या सुमाराला एर्कॉटने, म्हणजे राज्याचं विजेचं जाळं सांभाळणाऱ्या संस्थेने, वीजकपातीचे आदेश दिले. कपात आळीपाळीने होईल असं सांगितलं होतं, पण पाळी फिरलीच नाही. एका वेळी तब्बल 20,000 मेगावॉट भार कमी करावा लागला. हॉस्पिटलं, अग्निशमन केंद्रं असलेल्या लाइनी सोडून बाकीच्या जवळजवळ सगळ्या बंद केल्यावर आळीपाळीला शिल्लक काही उरलंच नाही. त्यामुळे एकाच गावात हॉस्पिटलच्या लाइनीवरची घरं उबदार होती आणि दोन गल्ल्या सोडून लोक तीन-तीन दिवस अंधारात होते. 45 लाखांहून जास्त घरांची आणि धंद्यांची वीज गेली. अख्खं जाळं कोसळायला 4 मिनिटं 37 सेकंद उरली होती, हे एर्कॉटनेच नंतर सांगितलं. 16 तारखेला डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर पारा उणे 2 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 19 सेल्सिअसपर्यंत उतरला. सरकारी आकड्यानुसार राज्यात 246 माणसं गेली.

त्यानंतर वीजकेंद्रांना थंडीसाठी सज्ज राहण्याची कायद्याने सक्ती झाली आणि डिसेंबर 2022, जानेवारी 2024 या दोन्ही थंडीच्या लाटांत जाळं टिकलं. पण फेब्रुवारी 2023 मध्ये ऑस्टिनला वेगळाच प्रकार झाला. झाडांच्या फांद्यांवर बर्फाचा थर चढला, त्या मोडून तारांवर पडल्या आणि दीड लाखाहून जास्त ग्राहक अंधारात गेले, काही तर आठवड्याहून जास्त. राज्याकडे वीज भरपूर होती, फक्त ती घरापर्यंत पोचत नव्हती. नियोजन करताना हे दोन्ही प्रकार डोळ्यांसमोर हवेत.

घरून काम

स्वस्त, सोपं, सगळ्यांना पटणारं. एक-दोन दिवस रस्त्यावर नुसता बर्फ असेल आणि वीज असेल, तर याहून चांगला पर्याय नाही. त्या दिवसांत कोणालाही गाडी काढायला लावणं मला तरी मान्य नाही.

पण वीज गेली की काय होतं ते नीट बघा. घरात गॅसचं हीटिंग आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. गॅस येतही असतो, पण गरम हवा घरभर फिरवणारा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली की हीटिंगही थांबतं. राउटर बंद. मग फोनचा हॉटस्पॉट लावायचा, तर मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्याच असतात आणि जे टॉवर चालू राहतात त्यांच्यावर सगळं गाव तुटून पडतं. घर थंड झालं की छतातले, बाहेरच्या भिंतीतले पाण्याचे पाइप गोठतात. खरा तडाखा बसतो तो बर्फ वितळताना. गोठून तडकलेल्या पाइपात पाणी परत वाहायला लागतं, ड्रायवॉलचं, म्हणजे जिप्समच्या पाट्यांचं छत फुगतं आणि भिजलेल्या इन्सुलेशनसकट खाली येतं. पाणी आहे तिथेही ते पिण्यालायक असेलच असं नाही. त्या आठवड्यात ऑस्टिन आणि ह्यूस्टन दोन्ही शहरांत पाणी उकळून प्यायचा आदेश होता. ज्याच्या दिवाणखान्यात छत पडलंय, मुलांची शाळा बंद आहे आणि भारतातून आलेले आईवडील तीन-तीन स्वेटर घालून बसलेत, त्याच्याकडून दुपारच्या मीटिंगची अपेक्षा ठेवण्यात काही अर्थ नसतो.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. लॅपटॉप-फोन चार्ज करायला आणि ऊब मिळवायला लोक गॅरेजमध्ये गाडी चालू करून बसतात. दार अर्धं उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. 2021 मध्ये अशाने आणि घरात पेटवलेल्या कोळशाच्या शेगड्यांनी माणसं मेली. 'काहीही करून ऑनलाइन राहा' असा मेसेज मॅनेजरने पाठवला, की माणसाला तो या दिशेने ढकलत असतो. तुमच्या योजनेत स्पष्ट लिहा: वीज गेली की तुमची ड्यूटी संपली.

थोडक्यात, घरून काम हा रस्त्यावरचा तोडगा आहे. विजेवर तो लागू पडत नाही, कारण तुमची सगळी माणसं एकाच महानगरात, एकाच जाळ्यावर राहतात.

ऑफिसात मुक्काम

हरिकेनच्या सवयीमुळे ह्यूस्टनच्या हॉस्पिटलांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. तिथे त्याला राइड-आउट टीम म्हणतात. वादळाआधी ठराविक माणसं कपडे, औषधं घेऊन येतात, ते सरेपर्यंत तिथेच राहतात आणि मग दुसरी टीम त्यांना सुटका देते. क्लिनिक, कोल्ड स्टोरेज, वृद्धाश्रम, चोवीस तास चालणारी यंत्रं असतील तर याला पर्याय नाही. 2021 मध्ये डाउनटाउनचे रिकामे टॉवर लखलखत होते आणि उपनगरं अंधारात होती, त्यावरून लोक संतापलेही होते. पण त्यातला व्यवहार असा, की तुमचं ऑफिस घरांपेक्षा भरवशाच्या लाइनीवर असू शकतं. ते इमारतीच्या व्यवस्थापनाला आत्ताच विचारून ठेवा.

हा पर्याय महाग आहे, आणि अर्धवट केला तर धोक्याचा. जनरेटर आहे का, एवढं विचारून भागत नाही. टाकीत किती तासांचं डिझेल आहे? टेक्सासात मिळणारं नेहमीचं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर बुजवतं, त्यावर काय उपाय केलाय? जनरेटरवर हीटिंग चालतं, की फक्त जिन्यातले दिवे आणि सर्व्हर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच इमारतींत निराश करणारं मिळतं. आग विझवायच्या स्प्रिंकलरच्या पाइपांत पाणी भरलेलं असतं, म्हणून ती जागा किमान 40 अंश फॅरनहाइट ठेवावी लागते. हीटिंग थांबलं तर हे पाइप फुटून ऑफिसात तळं होतं.

शिवाय सगळी तयारी असली तरी वरून आदेश आला की थांबावं लागतं. 16 फेब्रुवारी 2021 ला ऑस्टिनच्या वीज कंपनीने सॅमसंग, एनएक्सपी आणि इन्फिनिऑन यांच्या चिप कारखान्यांना बंद व्हायला सांगितलं. सॅमसंगला पूर्ववत व्हायला महिन्याहून जास्त लागलं, तेही जगभर चिपांची टंचाई असताना. त्यामुळे ज्यांच्याकडे यंत्रं आहेत त्यांनी 'चालू कसं ठेवायचं' याच्याइतकंच 'शिस्तीत बंद कसं करायचं' हेही लिहून ठेवावं. कुठला व्हॉल्व्ह कोण बंद करणार, कुठला पाइप रिकामा करायचा, हे कागदावर, भिंतीवर लावलेलं हवं.

माणसं निवडताना एकच नियम मला महत्त्वाचा वाटतो: ज्याने आपणहून हात वर केला तोच. ज्याच्या घरी तान्हं मूल आहे, त्याला 'नाही' म्हणायची चोरी वाटता कामा नये.

काम दुसऱ्या गावी

हा पर्याय छोट्या कंपन्या विचारातच घेत नाहीत, आणि मला तो सगळ्यात सरस वाटतो. यात एक मेख आहे. डॅलसचं काम ह्यूस्टनला किंवा सॅन अँटोनिओला हलवून काही साधत नाही, कारण तिन्ही एर्कॉटवरच आहेत. टेक्सासचं जाळं देशातल्या इतर दोन मोठ्या जाळ्यांपासून जवळजवळ तुटलेलं आहे, बाहेरून मागवता येणारी वीज अगदी थोडी. एल पासो मात्र टेक्सासात असूनही पश्चिमेच्या जाळ्यावर आहे. 2011 च्या थंडीत तिथे हाल झाल्यावर त्यांनी आपली वीजकेंद्रं थंडीसाठी सज्ज केली होती, आणि 2021 मध्ये तिथे तुरळक ठिकाणीच वीज गेली. म्हणून जोडीचं ऑफिस किंवा ठेकेदार निवडताना मैलांचं अंतर मोजू नका, वीज कुठल्या जाळ्यावरून येते ते विचारा.

आपल्यापैकी अनेकांचा दुसरा गाव म्हणजे पुणे. हिवाळ्यात टेक्सासपेक्षा पुणं साडेअकरा तास पुढे असतं. म्हणजे इकडे रात्री साडेनऊला तिकडे सकाळचे नऊ. रात्रीची कामं, ग्राहकांची ईमेल, सिस्टिमवर नजर हे पुण्याची टीम सहज पेलते. टेक्सासच्या दिवसा कोणी हवं असेल तर पुण्यात रात्रपाळी लावावी लागते, त्याचा भत्ता आणि घरी सोडायची गाडी आधी ठरलेली हवी. ऐन वेळी फोन करून 'आज रात्री थांबता का रे?' असं विचारणं म्हणजे इकडची अडचण तिकडच्यांच्या माथी मारणं.

हा पर्याय फसतो तो बारीकसारीक गोष्टींवर. मुख्य सर्व्हर डॅलसच्या ऑफिसातल्या कपाटात आहे आणि वीज तिथलीच गेली. लॉगिनचा कोड ज्याच्या फोनवर येतो त्याचा फोन बंद. रिफंड मंजूर करायचा अधिकार एकाच माणसाला, आणि तो बादल्या लावत बसलाय. शिवाय आरोग्य किंवा सरकारी क्षेत्रातले काही ग्राहक माहिती देशाबाहेर पाठवू देत नाहीत. करारात तसं असेल तर पुणे बाद, मग एल पासो, फिनिक्स किंवा अटलांटा पाहा. यावर उपाय एकच, नोव्हेंबरात एक दिवस डॅलसच्या लोकांनी हात न लावता सगळं काम तिकडून करून घ्यायचं. काय अडलं ते त्याच संध्याकाळी कळतं.

निर्णय केव्हा

पर्याय कुठलाही घ्या, तो उशिरा घेतला तर सगळे सारखेच वाईट. 28 जानेवारी 2014 ला अटलांटात जेमतेम अडीच इंच बर्फ पडला. पण ऑफिसं, शाळा, सरकारी कचेऱ्या सगळ्यांनी भर दुपारी एकदमच लोकांना सोडलं. हायवे गोठले, माणसांनी गाडीत रात्र काढली, मुलं शाळेत झोपली. 26 जुलै 2005 ला मुंबईत ऑफिसातून निघालेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फोर्टवर्थला वीज जायच्या चार दिवस आधी, 11 फेब्रुवारी 2021 ला सकाळी सहाच्या सुमाराला, आय-35 डब्ल्यू हायवेवर बर्फाच्या पातळ थरामुळे 133 वाहनं एकमेकांवर आदळली आणि सहा जण गेले. त्यांत बरेच जण नेहमीसारखे कामावर निघालेले किंवा कामावरून परतणारे होते.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निर्णय आणि चारपर्यंत प्रत्येकाला मेसेज. अंदाज चुकून ऊन पडलं तर एक दिवस गेला, एवढंच.

पगार आणि व्हिसा

इथे अज्ञानाने गोंधळ होतात. ओव्हरटाइमच्या नियमाबाहेर असलेल्या पगारी कर्मचाऱ्याने आठवड्यात थोडंही काम केलं असेल आणि बर्फामुळे मालकाने ऑफिस बंद ठेवलं, तर अमेरिकी कायद्याने पूर्ण आठवड्याचा पगार द्यावा लागतो. तासावर काम करणाऱ्यांना न केलेल्या तासांचे पैसे द्यायचं बंधन नाही. पण सगळ्यात कमी कमावणारे तेच असतात. त्यांना दोन-तीन दिवसांचे पैसे द्यायची तरतूद बजेटमध्ये आधीच करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

एच-1बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना मालकाच्या निर्णयामुळे काम नाही म्हणून बिनपगारी बसवता येत नाही. त्यांना दुसऱ्या महानगरात पाठवायचं तर वर्षाला 30 कामाच्या दिवसांपर्यंतची तात्पुरती सवलत आहे, काही अटींवर 60. मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च कंपनीचा. आपली केस त्यात बसते का, हे वकिलाकडून आधी लिहून घ्या.

कोणी काय निवडावं

सॉफ्टवेअर, अकाउंटिंग, कॉल सेंटर असं काम असेल तर पहिला दिवस घरून आणि वीज गेली की काम थेट दुसऱ्या गावी, हीच जोडी घ्या. दुसरं गाव परवडत नसेल तर सरळ तीन दिवस बंद ठेवा आणि ग्राहकांना आधी कळवा. थंडीच्या आठवड्यात बंद राहिलेल्या कंपनीवर कोणी रागावत नाही. चालू आहोत म्हणून सांगितलं आणि फोन उचलला नाही, त्यावर रागावतात. कोल्ड स्टोरेज, क्लिनिक, यंत्रं असतील तर मुक्कामाची टीम लागणारच, पण ती शक्य तितकी छोटी ठेवा आणि बिलिंग, अपॉइंटमेंट, फोन ही कामं तिच्यावर न लादता बाहेरगावी द्या.

तुमच्या ऑफिसची लाइन कुठली, जनरेटरवर हीटिंग चालतं का आणि पुण्यात रात्रपाळीला कोण तयार आहे, ही तीन उत्तरं हातात आली की यातलं तुम्हाला काय झेपेल ते एका बैठकीत ठरतं. दिवाळीची गडबड ओसरली की ती बैठक बोलवा.