एलएन (ln) कमांड : डिरेक्टरीची (फोल्डरची) लिंक बदलायची असल तर -एन लावल्याशिवाय हात लावू नका

लातूरला एका कोचिंग क्लासचा टेस्टचा सर्व्हर मी बघतो, उबुंटू लिनक्सवर हाय. दर वर्षीचे पेपर वेगळ्या फोल्डरमधी, पेपर-२०२४, पेपर-२०२५ असे, अन् पोरायला स्क्रीनवर जे दिसतं ते 'चालू' नावाच्या सिम्बॉलिक लिंकमधून, म्हणजे खऱ्या फोल्डरकडं बोट दाखवणाऱ्या शॉर्टकटमधून. जूनमधी नवी बॅच आली की ती लिंक नव्या फोल्डरकडं वळवायची, एवढंच काम. त्याच्यासाठी लिंक बनवायची एलएन कमांड चार वर्षं झाले वापरायलो, म्हणून अनुभवानं लिहायलो.

कमांड चांगलीच हाय. कुठल्याही लिनक्सवर आधीपासून असती, काही इन्स्टॉल करायची गरज नाही, अन् फोल्डर कितीही जीबीचा असला तरी लिंक बदलायला क्षणभर लागतो कारण लिंकमधी फक्त पत्ता असतो, माल नाही. दुसऱ्या डिस्कवरचा फोल्डर असला तरी चालतं, हार्ड लिंकला (म्हणजे त्याच फाईलला दिलेलं दुसरं नाव) ते जमत नाही.

पण एक गोष्ट लै त्रासाची. मागं जूनमधी मी 'एलएन -एसएफ पेपर-२०२५ चालू' मारलं (-एस म्हणजे सिम्बॉलिक, -एफ म्हणजे त्या नावाचं आधीचं असल तर उडव), एरर नाही काही नाही, प्रॉम्प्ट गुमान परत आला, मला वाटलं झालं काम. सकाळी सात वाजता सरांचा फोन, "अरे पोरायला मागच्या वर्षीचेच पेपर दिसायलेत की!" एलएस -एल (फायलींची यादी दाखवणारी कमांड) मारून बघतो तर बाण अजून २०२४ कडंच, अन् पेपर-२०२४ च्या आत पेपर-२०२५ नावाची एक नवीच लिंक तयार झालेली. वरून ती स्वतःकडंच बोट दाखवायली, कारण मी पूर्ण पत्ता दिला नव्हता अन् अर्धा पत्ता लिंक जिथं पडली तिथून मोजला जातो. उघडायला गेलं की लिंकचे लेव्हल लै झाले म्हणून एरर.

कारण असं हाय की शेवटचं नाव डिरेक्टरी निघालं तर एलएन तिच्या आत लिंक टाकते, कॉपीची सीपी अन् हलवायची एमव्ही बी असंच करतात. 'चालू' ही लिंक असली तरी ती डिरेक्टरीकडं जाते म्हणून कमांड सरळ आत शिरते. -एफ नं काही फरक पडत नाही, ते आतल्या त्याच नावाच्या फाईलपुरतं. पाहिजे ते -एन, म्हणजे लिंकच्या मागं जाऊ नको, लिंकलाच फाईल समज. 'एलएन -एसएफएन पेपर-२०२५ चालू', बास. मॅन पेजवर (कमांडच्या मदतीच्या पानावर) हे एका ओळीत दिलंय पण ते न लावलं तर काय होतं हे तिथं नीट समजत नाही, अन् नवीन माणूस तिथंच फसतो.

त्याच्यापेक्षा पक्कं म्हणजे मोठा टी, -टी (-T), म्हणजे शेवटचं नाव डिरेक्टरी समजूच नको. समजा 'चालू' ही लिंक नसून कुणी चुकून खरा फोल्डर करून ठेवला, तर -एन असून बी लिंक आतच पडती, -टी मात्र एरर देऊन थांबतं. हे लिनक्सवरच्या जीएनयूवाल्या एलएनचं हाय, मॅकवर नाही चालणार.

टेस्ट चालू असताना बदलायची असल तर मी थेट बदलत नाही. एलएनच्या जुन्या व्हर्जनमधी आधी जुनी लिंक उडते मग नवी बनती, मधल्या क्षणाला कुणी पान उघडलं तर त्याला फाईलच सापडत नाही. म्हणून आधी 'चालू-नवी' नावानं लिंक करायची अन् 'एमव्ही -टी चालू-नवी चालू' मारायचं, ते एका झटक्यात होतं, मधी गॅप राहत नाही. तरी ज्या प्रोग्रामनं जुन्या फायली उघडून धरल्यात तो जुनंच वाचत राहतो, त्याला रिस्टार्ट द्या.

अजून एक, लिंक काढताना नावाच्या शेवटी स्लॅश नको. टॅब दोनदा दाबला की तो आपोआप लागतो, अन् 'आरएम -आरएफ चालू/' (न विचारता आतलं सगळं पुसणारी कमांड) झालं तर आतले खरे पेपर साफ होतात. नुसतं 'आरएम चालू' पुरं.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. एक कापला तो गुमान राहण्याचा, चुकीच्या जागी लिंक टाकताना एक ओळ तरी छापायला पाहिजे होती. यंदा -एसएफएन मारलं, लगेच 'रीडलिंक चालू' करून पत्ता बघितला अन् मगच सरांना मेसेज टाकला.