काळ्या मातीवरच्या रस्त्याखाली राख घालावी की स्लॅग?

विदर्भातल्या काळ्या मातीत भिजल्यानंतरचा सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची ताकद दाखवणारा शेकडा आकडा, दोन-तीनच्या पुढे जात नाही, हे या कामातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. ती माती उपसून मुरूम भरण्याऐवजी तिथल्या तिथेच सुधारायची असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यापुढे सहसा दोन टाकाऊ पदार्थ येतात: औष्णिक वीज केंद्राची राख आणि लोखंडाच्या झोतभट्टीतला दळलेला स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना वेगळी होणारी मळी. ग्रामीण रस्त्यांच्या कामांवर मी दोन्ही वापरले आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

राखेची बाजू भक्कम आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही केंद्रे हाताशी आहेत, राखेला किंमत जवळजवळ नाही, आणि पर्यावरण मंत्रालयाच्या २०२१च्या अधिसूचनेमुळे वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांसाठी तिच्या वापराचा आग्रहही आहे. आपल्याकडची बहुतेक राख कमी कॅल्शियमची असल्याने ती एकटी माती बांधत नाही, चुना द्यावाच लागतो. पण चुना मिळाला की मातीचा चिकटपणा लवकर उतरतो आणि पुढे कित्येक आठवडे थर हळूहळू घट्ट होत राहतो. नीट मिसळलेला राखेचा थर मला कुठेही कमी पडलेला दिसला नाही.

अडचण त्या ‘नीट मिसळण्या’चीच आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस एका कामावर आम्ही कोरडी राख पसरली आणि रोटाव्हेटर फिरण्याआधीच वारा सुटला. शेजारच्या शेतात फरदडीचा कापूस वेचायचा राहिला होता. त्या शेतकऱ्याने एक बोंड तोडून माझ्या हातावर ठेवले. वरचा कापूस करडा झाला होता आणि बोटाने झटकला तरी रंग जात नव्हता. त्याचे नुकसान आम्ही भरून दिले, पण ते बोंड मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवसापासून राख भिजवून आणायला सुरुवात केली, तर तिचे गोळे होऊ लागले. थर खोदून पाहिला की काळ्या मातीत लिंबाएवढे करडे गोळे तसेच पडलेले दिसत. शिवाय राखेच्या तळ्यातून आलेली एक गाडी ओलीचिंब, तर दुसरी अर्धी सुकलेली. त्यामुळे पाण्याचे प्रमाण दर गाडीला नव्याने ठरवावे लागे. कोरडी उडते आणि ओली गोळे धरते, या कात्रीतून मला समाधानकारक वाट सापडली नाही.

स्लॅगचीही पूड असते आणि तीही उडते, पण ती राखेपेक्षा बरीच जड आहे आणि मुळात कमी लागते. माझ्या कामांवर राख शेकडा २० पडली, स्लॅग शेकडा ८. चुना दोन्हीकडे होताच. बल्करमधून, म्हणजे बंद टाकीच्या ट्रकमधून, येणारा स्लॅग कोरडा आणि एकसारखा असतो, त्यामुळे सकाळी ठरवलेले पाणी संध्याकाळपर्यंत बदलावे लागत नाही. मातीत सल्फेट असेल तर नुसत्या चुन्याने ती उलट फुगण्याची भीती असते. तिथेही चुन्याचा काही वाटा स्लॅगला दिल्यास धोका कमी होतो.

त्याचे उणेही सांगायला हवे. सिमेंट कारखान्यांना तोच माल हवा असल्याने दर चढा असतो आणि तो भिलईसारख्या लांबच्या ठिकाणाहून आणावा लागतो. त्याची ताकदही सावकाश चढते, म्हणून थरावर लगेच वाहने सोडता येत नाहीत. झोतभट्टीचा दाणेदार स्लॅग दळलेला नसेल तर तो निव्वळ वाळूसारखा वागतो. पोलादाच्या भट्टीचा स्लॅग ही तर वेगळीच वस्तू आहे; त्यात मोकळा चुना असतो आणि तो मुरवल्याशिवाय वापरला तर पुढे फुगतो.

केंद्र अगदी जवळ असेल, उंच भराव घालायचा असेल आणि आजूबाजूला पीक उभे नसेल, तर राख सोडून स्लॅगच्या मागे लागण्याचे कारण मला दिसत नाही. दोन्ही बाजूंना शेते असलेल्या अरुंद रस्त्यावर मात्र मी आता स्लॅगच सुचवतो. त्यासाठी दर मागवताना टनाचा भाव न पाहता एक किलोमीटर थराचा, वाहतूक आणि चुना धरून होणारा खर्च मागवावा. माझ्या कामांवर कागदावर मोठा दिसणारा दोन्हींच्या दरांतला फरक त्या हिशेबात बराच आटला होता.