जागतिक आरोग्य संघटनेचे पालक-कौशल्य प्रशिक्षण: निदानानंतर घरी काय करायचे?

मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाले की पालकांच्या हाती अहवाल आणि थेरपीची चिठ्ठी पडते. मात्र घरी आल्यावर त्या मुलाशी उरलेला दिवस कसा घालवायचा, हे क्वचितच कोणी सांगते. ऑटिझम किंवा विकासातील विलंब असलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेले प्रशिक्षण नेमके तेच शिकवते. त्यात ९ गटसत्रे आणि ३ गृहभेटी असतात. २०२२ पासून त्याचे ऑनलाइन रूपही उपलब्ध आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती सुरुवातीची सत्रे. मूल खेळण्यातील गाडी न चालवता तिचे चाकच फिरवत बसले असेल, तर ‘असे नाही, तसे खेळ’ म्हणण्याऐवजी त्याच्यासमोर बसून आपणही चाक फिरवावे, थांबावे आणि ते आपल्याकडे पाहते का याची वाट पाहावी, असे तिथे सांगितले जाते. हे ऐकायला साधे वाटते. परंतु मूल कसे असायला हवे होते हा विचार बाजूला ठेवून ते आत्ता काय करत आहे हे पाहण्याची सवय माझ्या मनाला याच सरावातून लागली, आणि निदानाचा स्वीकार मला उपदेशापेक्षा त्या सवयीने सोपा झाला. पुढे संवाद, आव्हानात्मक वर्तनामागची कारणे आणि कपडे घालण्यासारखे काम लहान टप्प्यांत शिकवणे हे विषय येतात.

गटात बसल्याचा आणखी एक लाभ असा, की ‘माझेच काही चुकले का’ हा प्रश्न इतरांच्याही तोंडून ऐकू येतो. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, हे ठाऊक असूनही अपराधी भावना जात नाही, ती मोकळेपणाने बोलता येणे फार आवश्यक आहे. त्यामुळेच पालकांनी स्वतःची काळजी घेण्याचा विषय थेट नवव्या सत्रात न ठेवता पहिल्याच सत्रात घ्यायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे प्रशिक्षण वाचा-उपचाराची (स्पीच थेरपी) किंवा रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीच्या ऑक्युपेशनल थेरपीची जागा घेत नाही. निवड करता येत असेल, तर ऑनलाइनपेक्षा गटातील प्रशिक्षण घ्यावे, आणि मुलाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही त्यातील सराव घरी करून दाखवावा.