बोअरचं जड पाणी, सॉफ्टनर की आरो: घरात बीपीचा पेशंट असंल तर प्यायला कोणतं?

आपल्याकडं आता खेड्याखेड्यात सॉफ्टनर बसवून राहिले लोक, आणि त्यात चुकीचं काही नाही, बोअरचं पाणी इतकं जड की गिझरची कॉइल वर्षभर टिकत नाही, सोलरच्या नळ्या क्षारानं गच्च होतात, बादलीला पांढरे खवले चढतात, साबणाचा फेस येत नाही. पण त्याच घरात आई नाहीतर बाबा बीपीच्या गोळीवर असतात, डॉक्टरनं मीठ कमी करा म्हणून बजावलेलं असते, आणि सॉफ्टनरचं पाणी प्यायच्या नळाला पण जोडलेलं असते, इथं मात्र दोन मिनिटं थांबून विचार करा.

सॉफ्टनर करतो काय, तर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रेझिनवर (आतले बारीक प्लॅस्टिकसारखे मणी) धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतो. आपण त्याच्या टाकीत मिठाची थैली ओततो ती रेझिन धुऊन परत सोडियमनं भरायला. ते खारं पाणी बरंचसं नाल्यात जाते, पण प्रत्येक लिटरमागं काही सोडियम तुमच्या ग्लासात येतेच. हिशोब सोपा आहे, दर लिटरला १०० मिलीग्रॅम कठीणपणा (रिपोर्टवर पाण्याचा जडपणा असा लिहितात) काढला की साधारण ४६ मिलीग्रॅम सोडियम वाढते. म्हणजे रिपोर्टवर कठीणपणा ३०० असंल तर लिटरमागं जवळपास १४० मिलीग्रॅम, आणि ६०० असंल तर २७५ च्या आसपास. ६०० ही भारतीय मानकातली शेवटची मर्यादा आहे (पसंतीची मर्यादा २००), पण आपल्याकडच्या कित्येक बोअर त्याच्याही वर जातात.

आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसानं दिवसाला २००० मिलीग्रॅमच्या आत सोडियम घ्यावं, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. ६०० वालं सॉफ्ट पाणी दिवसाला तीन लिटर प्यालं तर सव्वाआठशे मिलीग्रॅम नुसतं पाण्यातून गेलं, दोन ग्रॅम मिठाएवढं, आणि अजून भाजीत मीठ पडायचंच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ वर गेला की तीन लिटरवर कोण थांबते? चवीनंही नीट कळत नाही, कारण सोडियम लिटरमागं साधारण २०० मिलीग्रॅमच्या पुढं गेल्यावरच जिभेला लागते, त्याच्या खाली माणूस गोड पाणी म्हणून पिते. धडधाकट माणसाला १४० नं फारसा फरक पडत नाही, पण हार्ट फेल्युअर, किडनी किंवा कंट्रोलमध्ये नसलेला बीपी असंल तिथं हा आकडा डॉक्टरला सांगायलाच पाहिजे.

मग बोअरचं पाणी तसंच प्यावं का? नुसतं जड असंल आणि बाकी रिपोर्ट चांगला असंल तर खुशाल प्या, कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतेच, आणि बीपीवाल्यासाठी हे पाणी सॉफ्टनरच्या पाण्यापेक्षा बरं. पण दोन ठिकाणी हे चालत नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या कित्येक गावांत फ्लोराइड आहे, ते लिटरमागं १.५ मिलीग्रॅमच्या वर असंल तर ते पाणी पिऊच नका, सॉफ्टनर त्याला हात लावत नाही. आणि पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, अकोला, अमरावती, बुलडाण्याचा तो भाग, तिथं जमिनीतलं पाणी मुळातच खारं, सोडियम आधीच भरपूर. तिथं सॉफ्टनर लावून प्यायचं म्हणजे खाऱ्यात अजून खार टाकणं. तिथं नळयोजनेचं धरणाचं पाणी नाहीतर आरो, तिसरा रस्ता मला दिसत नाही.

आरोचं बघा. चालू मेंब्रेन (आरोच्या आतली बारीक गाळणी) सोडियम नव्वद टक्क्यांच्या वर काढते, फ्लोराइडही बरंच काढते. तोटे आहेत, लाइट पाहिजे, प्रेशर पाहिजे, एका लिटरमागं दोन-तीन लिटर फेकल्या जाते, आणि जड पाण्यात मेंब्रेन लवकर चोक होते. म्हणून ज्यांच्याकडं सॉफ्टनर आहेच त्यांनी स्वयंपाकघरात त्याच्यापुढं छोटा आरो लावला तर उत्तम, सॉफ्टनर मेंब्रेन वाचवतो आणि सॉफ्टनरनं टाकलेलं सोडियम आरो काढून टाकतो. एवढा खर्च नको असंल तर प्लंबरला सांगून सॉफ्टनरच्या आधीच एक पाइप फोडून घ्या आणि प्यायचा नळ त्याच्यावर ठेवा, अंघोळ, कपडे, गिझर सॉफ्टनरवर. माझ्या मते बहुतेक घरांना हेच पुरते.

वीस लिटरचा थंड जार घेत असाल तर तो खरंच आरोचा आहे का नुसता थंड केलेला ते बघा. इथं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर कामी येतो, मूळ पाणी ९०० आणि जारचं ८० तर आरो झालेलं, दोन्ही सारखे तर पैसे थंडाव्याचे गेले. पण हाच मीटर सॉफ्टनरला लावून काही समजत नाही, कॅल्शियम गेलं आणि सोडियम आलं, आकडा होता तेवढाच, उलट किंचित वाढते. विकणारा मीटर दाखवून पाणी शुद्ध झालं म्हणत असंल तर मान डोलवू नका.

काही जण मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरा म्हणतात. सोडियम वाचते हे खरं. पण किडनीच्या पेशंटला, किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू असलेल्याला रक्तातलं पोटॅशियम वाढून धोका होऊ शकतो, आणि आपल्याकडच्या बीपीवाल्यांत या गोळ्या पुष्कळांना असतात. डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. दुकानातलं कमी सोडियमचं मीठ पण त्यातच आलं.

आणि वरणाचं सांगतो, कारण ते कोणी मोजत नाही. जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही म्हणून चिमूट चिमूट करत सोडा पडते. एका ग्रॅम सोड्यात पावणेतीनशे मिलीग्रॅम सोडियम, अर्धा चमचा पडला की सहाशेच्या वर, म्हणजे कठीणपणा ३०० असंल तर चार लिटर सॉफ्ट पाण्याएवढं एका गंजात. मीठ मोजून टाकणारी बाई सोडा मोजत नाही. डाळीला आरोचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा, डाळ आधी तासभर भिजत घाला, सोडा लागतच नाही. लोणचं, पापड, कुरडया हेही पाण्याच्या आधी बघा, तिथं सोडियम जास्त आहे.

सॉफ्टनरचं धुवण परसातल्या वांग्या-मिरचीला सोडू नका, काळी माती सोडियमनं चोपण होते, पाणी मुरत नाही.

मशीन घ्यायच्या आधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा, कठीणपणा, टीडीएस, फ्लोराइड, नायट्रेट मागा आणि सोडियम वेगळं सांगून करून घ्या. सॉफ्टनर आधीच बसलेला असंल तर एक बाटली बोअरची, एक त्याच्या पुढच्या नळाची, दोन्हीवर नाव लिहून द्या आणि पुढच्या वेळी पेशंटच्या फाइलमध्ये रिपोर्ट लावून डॉक्टरकडं न्या.